चढावरचा वास

भुतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण मारेगावच्या वाटेवर एक चढ आहे. तिथं आमची मोपेड बंद पडायची, आणि ती बंद पडली की आसपास कोणी फवारत नसताना फवाऱ्याच्या औषधाचा वास यायचा. हे मी स्वतःच्या नाकानं अनुभवलंय, तेव्हा त्यावर मला कोणी शहाणपण शिकवू नये.

मोपेड म्हणजे काय, सायकललाच बसवलेलं इंजिन. पायडल मारायचे, पेटली तर बसून जायचं, नाही पेटली तर पायडल मारत राहायचं. बाबांनी एका चांगल्या हंगामात ती घेतली होती. पुढं चांगले हंगाम आलेच नाहीत. अळीनं बोंडं आतून खाल्ली, जो कापूस हाती लागला त्याला कोणी विचारेना. त्या वर्षांत आमच्या भागात सकाळी एखाद्या घरापुढं माणसं जमलेली दिसली की काय झालं असं कोणी विचारत नसे. कोण, एवढंच विचारत.

बाबा त्या दिवाळीपासून बोलेनासे झाले. जेवायचे, वावरात जाऊन उभे राहायचे, परत यायचे. आईचं आणि माझं एक अक्षर न बोलता ठरलं की यांना एकटं सोडायचं नाही. आई दिवसभर दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायची, मी मारेगावात शिवणक्लास घ्यायची. म्हणून बाबा माझ्या मागं बसून यायचे आणि क्लाससमोरच्या चहाच्या टपरीवर दिवस काढायचे. मशीन चालवताना मान वर केली की ते मला दिसायचे. एसटी आमच्या फाट्यावर थांबली तर थांबायची, तिचा काय भरवसा. मोपेड चालली तर बाबा माझ्या डोळ्यांसमोर, बंद पडली तर घरी एकटे.

गोठ्यातल्या फळीवर फवाऱ्याच्या औषधाचा एक डबा उरलेला होता. तो एक दिवस दिसेना. मी आईला विचारलं.

"लावली वाट त्याची," ती म्हणाली. "तू कायले चौकशा करून राह्यली?"

मला बरंच वाटलं. त्यानंतर आठवडाभरातच गाडी चढावर बंद पडायला लागली.

चढ म्हणजे काही घाट नव्हे. डाव्या हाताला सरकी काढायची एक बंद गिरणी, म्हणजे जिनिंग, तिचे पत्रे वाऱ्यानं वाजायचे, उजव्या हाताला उपटायची राहिलेली वाळकी पऱ्हाटी, कापसाची झाडं. मार्चचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अर्ध्या चढावर इंजिन खोकल्यासारखं करायचं, मागून पांढरा धूर सोडायचं आणि गप्प व्हायचं. मग तो वास. शेतात पंप पाठीवर घेतलेला माणूस वाऱ्याच्या बाजूला असला की येतो तसा, घशात उतरणारा. मी वळून वळून बघायची. माणूस नाही, पंप नाही, फवारायला हिरवं पानसुद्धा नाही.

बाबा मागून उतरायचे. त्यांनाही वास यायचा, हे मला दिसायचं. ते नाक वर करून उभे राहायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक निवांतपणा यायचा. महिनोन्‌महिने घरात न दिसलेला तो निवांतपणा नेमका तिथं, त्या वासात बघून माझ्या अंगावर काटा यायचा. मग ते मागून गाडी ढकलायला लागायचे. वर सपाटीला पोचल्यावर चार पायडल मारले की गाडी मुकाट पेटायची. येताना उतारावर तर तिनं कधी कुरकूर केली नाही. फक्त जाताना, फक्त तिथंच.

मी काही हातावर हात ठेवून बसणारी नव्हे. शिवणाच्या पिशवीत कात्रीबरोबर प्लगचा पाना ठेवायला लागले. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासला. ठिणगी चांगली निळी पडत होती. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक सुईनं मोकळं केलं. मारेगावात एक मिस्त्री चाचा होते, त्यांनी कार्बोरेटर खोलून जेट फुंकला आणि पेट्रोलची नळी काढून बाटलीत धार धरली. स्वच्छ पेट्रोल. गाडी त्यांच्या दुकानापुढं इतकी छान धावली की मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी चढ, धूर, वास. तिसऱ्या खेपेला चाचांनी हात टेकले.

"बेटी, गाडीत काही नाही. जागेत हाये. तिथं थांबूच नको."

"मी थांबतो का चाचा? तीच थांबते."

यावर त्यांनी हँडलला लिंबू-मिरची बांधून दिली. आमच्या गावातही तोवर ठरून गेलं होतं. जिनिंगमध्ये कधी कोणी मेलं होतं का, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं, पण मेलेलं असावं यावर सगळ्यांचं एकमत होतं. शेजारची काकू म्हणाली, "ते तुह्या बाबाले बोलावून राह्यलं व माय. त्याले नेऊ नको तिकडून." मी तिला नाही नाही ते बोलले. पण रात्री झोप लागली नाही. बाबांचा तो निवांत चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी निघताना आई म्हणाली, "आज तुह्या बाबाले घरीच ठेवायचं का?" म्हणजे काकू तिच्याशीही बोलली होती. आणि घरी कोण होतं? कोणी नाही. मी बाबांना म्हटलं, बसा.

अर्ध्या चढावर गाडी मेली. मला भीती वाटत होती, पण त्याहून राग जास्त आला होता. लिंबू-मिरची तोडून पऱ्हाटीत भिरकावली. गाडी आहे तशी चढावरच स्टँडला लावली, मागच्या चाकाला दगड दिला, पाण्याची बाटली रिकामी केली, पेट्रोलची नळी ओढून काढली आणि बाटलीत धार धरली. चाचांनी सपाटीवर केलं होतं तेच मी चढावर केलं, एवढाच फरक.

बाटलीत आलं ते पेट्रोल नव्हतं. जड, निळसर, हळू हळू उतरणारं. मग मागून पेट्रोल आलं आणि त्याच्यावर वेगळं होऊन तरंगायला लागलं. आणि वास असा, की मी तोंडाला पदर लावला. सपाटीवर ते टाकीच्या तळाशी गप्प पडून राहत होतं. गाडीनं तोंड वर केलं की मागं सरकून नळीच्या तोंडाशी येत होतं. जागेत काही नव्हतं.

गोठ्यातला डबा मला आठवला. आईची "वाट" आठवली. विहिरीत टाकता येत नाही, उकिरड्यावर कोंबड्या, कुंपणाला बकऱ्या, आणि घरात कुठंही लपवलं तरी शोधणाऱ्याला सापडणार. बाबांनी मागं बसायला लागल्यापासून गाडीला हात लावणं सोडलं होतं. घरात टाकीचं तेवढं एकच झाकण त्यांनी उघडलं नसतं. इंजिनाचं काय होईल, हे तिच्या डोक्यात कशाला येईल?

बाबा रस्त्याच्या कडेला उभे होते. बाटलीकडं बघत होते.

"कायले काढलं बाई?" ते म्हणाले. "आत होतं तेच बरं होतं."

"तुमाले माहीत होतं?"

"तिनं ओतलं तवा मी पाहत होतो. गोठ्याच्या दारात." ते थांबले. "मी बी त्याच्यासाठीच गेलतो."

पत्रे वाजत होते.

"तिले पाहून मागं फिरलो," बाबा म्हणाले. "मंग रोज इथं गाडी बंद पडे अन् वास ये. मी म्हणो, चला, आज बी ते गाडीच्याच पोटात हाये."

मला रडू फुटलं. त्यांनी जवळ येऊन डोक्यावर हात ठेवला असता तर बरं वाटलं असतं, पण बाटली माझ्या हातात होती आणि ते एक पाऊलही पुढं आले नाहीत. उलट मागं सरकले.

"लवकर ने ते," म्हणाले. "पुरून टाक कुठं तरी. खोल पूर. अन् मले सांगू नको कुठं."

आणि ते रस्त्याच्या मधोमध, उताराकडं तोंड करून, उन्हात पाठमोरे बसले. मी कात्रीनं आणि पान्यानं माती उकरली, टाकीच्या तळाचं औषध सगळं उतरवून बाटलीसकट पुरलं, खड्ड्यावर दगड लोटला आणि आवाज दिल्यावरच ते उठले. टाकीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी तो चढ चढून गेली. आईला मी इतकंच सांगितलं की प्लग खराब होता. तिनं एकदा झाकणाकडं पाहिलं आणि भाकरी थापायला बसली.

बाबा आता थकलेत. कधी दवाखान्यात न्यायचं झालं की आम्ही एसटीनं जातो. तो चढ लागला की ते डावीकडं बघत नाहीत आणि उजवीकडंही बघत नाहीत. कोणत्या बाजूला पुरलंय ते त्यांना माहीत नाही, म्हणून वर पोचेपर्यंत डोळे मिटून, माझं मनगट धरून बसतात.