वाळवलेल्या नमुन्याचा आकडा

लढाईच्या वर्षांत मी लोणावळ्याजवळच्या एका कारखान्यात रसायनं तपासायला होतो. पुण्याहून नुकताच बी.एस्सी. होऊन आलेला, डोक्यात नुसती हवा. कार्बोलिक ॲसिडची पिंपं आली की ते किती उष्णतेला वितळतं हे मी काढायचं, आणि माझ्या आकड्यावर पिंपं कशी ठेवायची, कशी हलवायची ते ठरायचं. घट्ट असेल तर फारशी भीती नाही. पातळ होऊन अंगावर सांडलं तर माणूस जातो.

श्रावणात नवा माल आला. मी चिमूटभर नमुना पुस्तकात सांगितल्याप्रमाणे आधी खडखडीत वाळवला, बारीक काचेच्या नळीत भरला, थर्मामीटरला बांधून तेलात सोडला आणि हळूहळू तापवला. एकेचाळीस अंशांना वितळला. लोणावळ्याच्या श्रावणात कुठले आलेत एकेचाळीस अंश! इथं चार-चार दिवस धोतर वाळत नव्हतं. मी ऐटीत लिहून दिलं, माल घट्ट राहील, हलवायला हरकत नाही.

गोदामावर लोहगडवाडीचे आबा होते, साठीच्या घरातले. त्यांनी कागद उलटसुलट बघितला आणि विचारलं, "भाऊ, ह्या दिसांत मिठाच्या बरणीत बी पानी व्हतं. ह्याला न्हाई सुटायचं?"

"आबा, हे काय तुमच्या चुलीपुढचं मीठ आहे होय?" मी हसलो. आबाही हसले. "तुमी शिकलेली मानसं," म्हणाले आणि कामाला लागले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

एका पिंपाचं झाकण गंजून सैल झालं होतं. आत ओल शिरली की हे ॲसिड ऊब न लागताच पातळ होतं, हे मला ठाऊक होतं, पण परीक्षेपुरतं. आबांनी पिंप कलतं केलं मात्र, आतलं भडाभडा त्यांच्या मांड्यांवर आलं. मी धावत गेलो तर ते घोंगडीनं पाय पुसत बसलेले. "काय न्हाई भाऊ, दुकत न्हाई. बधीर झालंय नुसतं."

दुखत नाही म्हटल्यावर आम्हीही सुस्तावलो. अरे गाढवा, ते भिजलेलं धोतर सोडव, घागरीवर घागरी पाणी ओत, एवढंही मला सुचू नये? कार्बोलिक आधी कातडी बधीर करतं आणि मग आत उतरतं. तासाभरात आबांची शुद्ध हरपली. दिवेलागणीला ते गेले.

दुसऱ्या दिवशी त्याच पिंपातला नमुना मी न वाळवता नळीत घेतला. तापवायला काही उरलंच नव्हतं, तो पाण्यासारखा पातळ होता. मी तिथंच टेबलाशी बसून रडलो.

तेराव्याला लोहगडवाडीला गेलो. कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आबांच्या बायकोनं मला बसायला घोंगडी टाकली, चहा दिला. मग म्हणाल्या, "त्या दिशी निघताना मी म्हनलं, जपून. तर म्हनले, भाऊंनी मोजलंय, भ्यायाचं कारन न्हाई. तुमी मोजलं व्हतं ना, भाऊ?"

"हो मावशी," मी म्हणालो, "मोजलं होतं."