रिकाम्या टाक्यांखालचं मोजमाप

मी जुन्या घरांचे स्लॅब ठोकत फिरणारा माणूस आहे. परभणीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि घरांच्या छतांवर पाण्याच्या टाक्यांचा किती भार पडतो यावर संशोधन करतो. करत होतो, म्हणायला हवं. विषय सुचला तेव्हा माझं मलाच केवढं कौतुक वाटलं होतं. आमच्या तालुक्यांच्या गावांत नळाला कधी दहाव्या दिवशी पाणी येतं, कधी पंधराव्या. पाण्याची पाळी लांबली की गच्चीवर आणखी एक काळी टाकी चढते. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन, आणि खाली गवंड्याच्या अंदाजाने ओतलेला स्लॅब. यावर आपल्याकडे कुणीच काम केलेलं नाही, असं सांगत मी कॉलेजभर मिरवत होतो.

मी मोजलेल्या घरांपैकी एक होतं एका निवृत्त शिक्षकांचं; सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. ते मूळचे राणीसावरगावचे. नोकरीत असतानाच तालुक्याच्या गावी तीन खोल्या बांधल्या आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिले. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांची डावी बाजू गेली होती. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. मुलगी सोनपेठला दिलेली. गुरुजींच्या बायकोला मी काकू म्हणायचो. मागच्या खोलीवर तीन टाक्या होत्या.

मी नेहमीप्रमाणे सगळं केलं. काँक्रीटची ताकद सांगणाऱ्या स्प्रिंगच्या हातोड्याने स्लॅब ठोकला, त्याला पडलेल्या भेगेची रुंदी घेतली, मधोमध खाली किती बाक आलाय ते मोजलं. बाक अगदी नगण्य. भेग केसाएवढी. तीन टाक्यांखाली एवढाच बाक म्हणजे स्लॅब ठणठणीत, असा हिशोब मी तिथेच मांडला. गुरुजी पलंगावरून एकेक आकडा विचारत होते. जन्मभर गणित शिकवलेला माणूस, त्यांनी मला बेरीज दोनदा करायला लावली. दोन्ही वेळा बरोबर आली आणि ते खूश झाले.

निघताना काकूंनी विचारलं, "सर, यांचा पलंग म्हागच्या खोलीत हलवावा म्हणायले. मोरी जवळ पडंल. पण वर टाक्या हायत, लय भ्या वाटायलंय."

"बिनधास्त हलवा," मी म्हणालो. "घरात तीच खोली सगळ्यात मजबूत आहे. लागली तर आणखी एक टाकी बसवा."

मी असाच बोलतो. वर्गातही असाच बोलतो. काकूंचा चेहरा एकदम सैल झाला, त्यांनी आग्रहाने दुसरा कप चहा दिला. तो पिऊन मी पुढच्या घरी गेलो.

आता चूक सांगतो. आमच्याकडे पाणी येतं त्या दिवशी कुणी कुणाच्या घरी जात नाही. बाया पहाटेपासून मोटर, पाइप आणि घागरींत गुंतलेल्या असतात, माहेरचा फोनसुद्धा दोन शब्दांत तोडतात, आणि मी फोन केला की 'आज नको' म्हणायच्या. म्हणून मी सगळ्या घरी पाळीच्या आदल्या दिवशी जायचो. लोक मोकळे असतात, बसा म्हणतात. आणि पाळीच्या आदल्या दिवशी टाक्या रिकाम्या असतात, तळाशी बादलीभर गढूळ पाणी. हे मला माहीत नव्हतं का? मी इथेच जन्मलो, इथेच घागरी वाहिल्या. पण माझा फॉर्म मी पुण्यात शिकताना केलेला, आणि तिथे टाकी रोज भरायची. त्यात टाक्या किती, किती लिटरच्या, असे रकाने होते. आत पाणी किती, हा रकानाच नव्हता. मी स्लॅब ठोकला, तुळई ठोकली, भिंती ठोकल्या. एकाही टाकीवर साधी टिचकी मारून पाहिली नाही.

महिन्याभराने शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा मी तास घेत होतो. त्या दिवशी पाळी होती. माझ्या शब्दावर घेतलेली चौथी टाकी पहिल्यांदाच भरत होती. काकू बाहेर नळापाशी पाइप धरून उभ्या होत्या आणि गुरुजी मागच्या खोलीत पलंगावर. मी मिळेल त्या एसटीने गेलो. मागच्या खोलीवर आता नुसतं आभाळ होतं. तुटलेल्या स्लॅबमधून सळया बाहेर आल्या होत्या, गंजून काडीएवढ्या झालेल्या. गुरुजी जागीच गेले होते.

मला कुणीच काही विचारलं नाही. जो तो म्हणाला, घर जुनं होतं, लोखंड गंजाने खाल्लेलं होतं. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने तर प्रेमाने सल्ला दिला की ते एक घर तक्त्यातून काढून टाक आणि पुढे चल. मला त्याचा इतका राग आला की मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. खरं तर तक्ता उघडून ती ओळ खोडायला माझाही हात एकदा गेला होता.

तीन आठवड्यांनी मी काकूंकडे गेलो. मुलगी सोनपेठहून येऊन राहिली होती. मी चहा नको म्हणालो आणि सगळं सांगितलं. रिकाम्या टाक्या, फॉर्म, बाक, सगळं. मला वाटत होतं, त्या शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या.

काकूंनी विचारलं, "मंजी पाणी आलेल्या दिशी तुमी मोजलं असतं, तर दिसलं असतं?"

"हो. टाक्या भरल्यावर भेग उघडलेली दिसली असती."

"तुमी पहिल्यांदा फोन केला तवा पाळीच व्हती. मीच म्हणले, आज पाणी सुटलंय, आज येऊ नका."

"काकू, तसं सगळेच सांगतात," मी घाईघाईने म्हणालो. "तुमचा काय दोष? टाकी बघायचं काम माझं होतं."

पण त्या माझं ऐकतच नव्हत्या. त्या लेकीकडे वळल्या.

"ऐकलंस का गं? मीच येऊ नका म्हणले त्यायला."