रबरी चाकाखालचा पट्टा

"आक्का, मूठ कुठं ठिवली व्हती तुही? रानाचं वाटोळं केलं!"

सखाराम बांधावरून असा ओरडत होता की ओढ्यापलीकडची माणसं हातातलं काम टाकून धावत आली. समोर शाळूचं रान, गुडघ्याएवढं, हिरवंगार. आणि मधोमध, या बांधापासून त्या बांधापर्यंत, एक पिवळा, खुरटा पट्टा. बैलाच्या पाठीवर वळ उठावा तसा. गोदाआक्का, सखारामची थोरली बहीण, त्या पट्ट्यात उभी होती. ती भावाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मी आजवर काय काय नाही सांगितलं? विहिरीत पडलेला वाघ पागोट्यानं ओढून काढल्याचं सांगितलं. एका भाकरीवर अख्खी जत्रा जेवू घातल्याचं सांगितलं. लोकांनी ऐकलं, वर चहा पाजला. ही गोष्ट मात्र कुणाला नाही. बायकोलाही नाही. का? कारण हिच्यात मला पदरचं काही घालावं लागत नाही.

माझा एक बैल, सखारामचा एक. अशी आमची सावड होती — दोघांच्या बैलांची एक जोडी, दोघांची शेतं आळीपाळीनं. पेरताना तीन फणांची तिफण मी धरायचो आणि आक्का चाड्यावर मूठ धरायची. चाडं म्हणजे तिफणीवरची लाकडी वाटी. मुठीतून तिच्यात बी सोडत चालायचं. दाणा दाट पडू नये, विरळ पडू नये. आता विधवेला पेरणीच्या मुठीला कोण बोलावतं? पण आक्काच्या हाताला असा गुण की गावानं तेवढं डोळ्याआड केलं होतं. तिच्या मुठीतून दाणे मुंग्यांसारखे रांगेनं उतरायचे — ही माझी थाप नाही. एरवी भावाच्या घरात ती चुलीमागं असायची. पेरणीच्या दिवसांत मात्र पहिली भाकर तिला वाढली जायची.

आणि माझ्याकडं काय होतं? रबरी गाडी. जालन्याच्या भंगारातून मोटारीची चाकं आणून लोहाराकडून बसवून घेतलेली. हैदराबादच्या कुण्या नवाबाच्या मोटारीची चाकं, असं मी सांगत सुटलो होतो. लोखंडी चाकाची धाव जमीन कापते, माझं चाक जमिनीला गुदगुल्या करतं! मऊ चालतं म्हणून मी दुप्पट लादायचो. तिप्पटही.

त्या साली उत्तरा नक्षत्र धो धो कोसळलं. माझ्या विहिरीचं बांधकाम अडलं होतं, दगड आणायचे होते. आडवाट सखारामच्या रानातून. सखारामनं बजावलं होतं — वाफसा येईस्तोवर रानात चाक घालू नको. काळी जमीन भिजली की थोडी सुकून पायाला चिकटायची थांबेपर्यंत तिच्यावर बैलसुद्धा घालत नाहीत, हे काय मला माहीत नव्हतं? पोरासोरांना माहीत असतं. पण सखाराम पाहुण्याकडं गेल्ता. मी गाडीला जोडी जुंपली — हो, त्याचाही बैल — आणि दिवसभर त्याच्याच रानातून दगडांच्या खेपा केल्या.

लोखंडी चाक असतं तर वीतभर खोल चाकोरी पडली असती, गावानं बघितली असती. रबरानं तसं काही केलं नाही. वर नुसता रुंद, चपटा माग. बाभळीची फांदी ओढली, माग गेला. मंग काय — मला वाटलं, झालं! पुढं वखर फिरला, वरची चार बोटं भुसभुशीत झाली. खालची माती मात्र दगडांच्या भारानं थापून बसली होती, सारवलेल्या खळ्यासारखी.

पेरणीला तिफण तिथं आली आणि माझ्या हातात उसळली. फण आत जाईना. मला कळलं. आक्कालाही काही जाणवलं असेल. तिनं मान वळवून बघितलं. तिची मूठ मात्र थांबली नाही. एका पावलालाही नाही. हे बघणारा जगात मी एकटा होतो.

म्हणून ती माझ्याकडे बघत होती.

"भिवा, तू तिफणीला व्हतास," सखाराम म्हणाला. "खरं सांग."

खरं सांगितलं असतं तर सावड मोडली असती. एका बैलावर कोण पेरतं? हे मी तेव्हा मनात मोजलं, चांगलं सावकाश मोजलं. आणि म्हणालो, "दादा, चालता चालता आक्काचा डोळा लागला आसंल!"

लोक हसले. हसले की मला चढतं — मग मी घोरण्याचा आवाज काढला. पुढच्या बाजारी तीर्थपुरीत त्याच गोष्टीत बैलही घोरायला लागले. लोकांनी पुन्हा पुन्हा सांगायला लावली. मी सांगितली. मागून कुणीतरी बाई म्हणाली, "शेवटी रांडमुंडीचीच मूठ." तेही मी ऐकलं. बोलायला मी कधी मागं राहिलोय? तिथं राहिलो.

आक्कानं पुन्हा मूठ धरली नाही. म्हणजे तिला कुणी धरू दिली नाही.

पुढच्या साली सखारामच्या बायकोनं मूठ धरली. पट्टा तिथंच आला, तसाच पिवळा. सखारामनं बघितला, म्हणाला, "जमीनच हलकी हाय तिथं." ओरडला नाही. कुणाला बोलावलं नाही. बहिणीचं नावही काढलं नाही. मीही काढलं नाही.

त्या दिवशी मी त्यांच्या गोठ्यामागं गेलो. आक्का वाकून पाटी भरत होती. मी म्हणालो, "आक्का, त्या पट्ट्याचं तुला सांगायचं व्हतं."

तिनं वर बघितलं नाही.

"सरक बाजूला," ती म्हणाली. "शेण उचलायचंय."