फाटकाबाहेरचा कॅप्टन

अलॉन्झो टटल वकील बोलायला लागला की कोर्टातली माशीसुद्धा हलायची नाही. बोलणाऱ्याचा कोंडाही विकतो म्हणतात, तशातली गत. ओहायोतल्या आमच्या एवढ्याशा गावात त्याच्या तोंडी लागणारा कुणी नव्हताच.

तिथेच घात झाला. दक्षिणेकडच्या राज्यांशी युद्ध पेटलं तेव्हा गावोगावची पोरं आपापली पलटण उभी करायची आणि कॅप्टन मतं देऊन निवडायची. हो, मतं देऊन! लढाई कुणाला कळते, हे कुणी विचारलं नाही. आमच्या मूर्खांनी कोर्टाच्या पायऱ्यांवर हात वर केले आणि ज्याने जन्मात ससा मारला नव्हता तो टटल कॅप्टन झाला. माझ्या भावाने, लायमनने, तर दोन्ही हात वर केले.

"एक खाली घे रे गाढवा," शेजारचा ओरडला.

"दुसरा आईचा आहे!" लायमन म्हणाला.

आई हसली नाही. ती सरळ टटलसमोर जाऊन उभी राहिली. "अलॉन्झो, माझा हा एकच मुलगा आहे. परत आणशील?"

"केझियाकाकू, स्वतः तुमच्या दारात आणून सोडेन." वकीलच तो. शब्द द्यायला त्याच्या बापाचं काय जात होतं!

टेनेसीतल्या एका ओढ्याकाठी आमच्या गावची पलटण कापली गेली. थांबायचा हुकूम होता, टटल थांबला. तिथून हलायचं कधी, हे त्याला कळलंच नाही. शेवटी उरलेले पळाले, मेलेले तिथेच राहिले. लायमनही.

युद्ध संपल्यावर टटल आमच्या फाटकाशी आला. कोटाची एक बाही रिकामी. आई अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने एवढंच विचारलं, "एकटाच आलास?" आणि पाठ फिरवली. भल्याभल्यांना गप्प करणारा तो माणूस आल्या पावली परत गेला.

त्यानंतर त्याची वकिली बसलीच. मग सरकारने त्याला आपला दूत म्हणून चिलीच्या एका बंदरात पाठवलं. गाव म्हणालं, सुटला बुवा. कसला सुटतोय! तिथे तापाने मेलेल्या आपल्या खलाशांना मूठमाती द्यायचं काम त्याच्याकडेच होतं. ज्याला घरी पाठवता येईल त्याला तो पेटीत घालून घरी पाठवायचा. अशाच एका खलाशाची आई टटलचं गाव बघायला आली, तिनेच आम्हाला हे सांगितलं.

"दुसऱ्यांची पोरं बरी सापडतात त्याला," आई म्हणाली.

तो म्हातारा होऊन परतला. लायमनच्या शोधात टेनेसीला जाऊन ओढ्याकाठची माती उकरून आला, हाती काही लागलं नाही. मग दर रविवारी चर्च सुटलं की आमच्या फाटकाशी यायचा आणि टोपी काढून उभा राहायचा. कडीला हात लावायचा नाही. आईने एकदा 'आत ये' म्हणावं, एवढीच त्याची आस होती.

"आई, पुरे गं आता. म्हातारा उन्हात उभा आहे."

"राहू दे. माझं पोरगं कुठे उभं आहे ते विचार त्याला."

गेल्या मे महिन्यात एका रविवारी तो आला नाही. आईने खिडकीशी खेपा घातल्या. "आजारी पडला असेल मेला," असं पुटपुटत तिने सुक्या सफरचंदांचा केक भट्टीत घातला. लायमनच्या आवडीचा. त्याच्यामागे तो घरात कधी झाला नव्हता.

"जा. त्याला म्हणावं, आत ये. बस. खा."

मला रडूच फुटलं. तशीच धावत गेले. त्याची घरमालकीण दारातच डोळे पुसत होती. कपडे करून, टोपी मांडीवर घेऊन तो खुर्चीत बसला होता. निघायच्या तयारीतच गेला होता बिचारा.

केक कुणी कापला नाही.

टटलला ना बायको ना पोर. बेवारशांच्या कोपऱ्यात पुरायचं गावाने ठरवलं. आमच्या बाबांच्या थडग्याशेजारची जागा आईने इतकी वर्षं लायमनसाठी राखली होती, तिथे कुणाला पाय ठेवू देत नसे. ती काठी टेकत गेली आणि खड्डा खणणाऱ्याला तीच जागा दाखवली.

"अगं, आणि लायमन सापडला तर?" मी बोलून गेले.

"घेतील दोघं सरकून," आई म्हणाली. "एकत्रच गेले होते ना." आणि तिथेच मातीत बसून, लायमन गेल्यापासून पहिल्यांदा, ती मोठ्याने रडली.