बाभळीच्या टेबलाला लावलेलं तेल

हे मी कुणापाशीच बोललो नाही — आईपाशी नाही, बायकोपाशी नाही, दादापाशी तर नाहीच. आता दादा नाही. मग आता कशासाठी? लिहिता लिहिता कळेल असं वाटतं.

मोठ्या दुष्काळात येडशीजवळच्या आमच्या गावातली माणसं खडी फोडायला जात. दादाही जायचा. पण त्यानं सरकारी केंद्रात सुतारकाम शिकून घेतलं होतं. आमचं घर बौद्ध. आमच्या आळीत रंधा हातात धरणारा तो पहिला. गावच्या विकास सोसायटीनं त्याला एक टेबल करायला सांगितलं. ते पसंत पडलं तर शाळेची बाकंही त्यालाच मिळणार होती. म्हणजे खडी सुटणार होती.

वाळल्या बाभळीचं टेबल त्यानं उभं केलं — सांधा शोधावा लागे असं. राहिलं होतं फक्त तेल. मी धाराशिवला कॉलेजात होतो. उकळलेलं जवसाचं तेल मी आणायचं आणि दादा कामावर असताना मीच लावायचं, असं ठरलं. त्यानं समजावलंही होतं, "सागाला लाखेचं पालिश शोभतंय. ही बाभळ हाय, हिला जवसच पाजायचं. पातळ हात दे, चोळ, जादाचं पुसून घे. जवस वाळतंय, शेंगतेल जन्मात वाळत न्हाय."

म्हणजे मला माहीत होतं.

त्या दिवशी वाचनालयात एका कादंबरीत गुंतलो. भानावर आलो तेव्हा तेलाचं दुकान बंद झालेलं — खरंच झालं होतं? मी बघायला गेलोच नाही. एसटी धरली. सकाळी दादा कामावर गेल्यावर आईनं जपून ठेवलेलं शेंगतेल घेतलं, वास झाकायला त्यात टर्पेंटाइन ओतलं आणि चोळलं. ओलं असताना कुठलंही तेल चमकतं. संध्याकाळी दादानं बघितलं. "लई बेस," म्हणाला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तेव्हाच बोलायचं होतं — नाही का?

टेबल सोसायटीत गेलं. कागदांना डाग पडू लागले, बाह्या तेलकट झाल्या, बसलेली धूळ निघेना. चेअरमननी दादाला चार माणसांत बोलावलं. "टेबल केलंस का भजी तळलीस रे?" सगळे हसले. मग म्हणाले, "खडी फोडणाराच्या हातात रंधा दिला, चूक आमचीच."

"लाकूड वलं राह्यलं असंल, साहेब," दादा म्हणाला.

मी दाराशी उभा होतो.

बाकं दुसऱ्याला गेली. दादा पुढंही आळीतली दारं, खाटा-बाजा करत राहिला. पण त्यानंतर कुठलंही लाकूड वर्षभर वाळवल्याशिवाय त्यानं कापलं नाही. स्वतःच्या हातावरचा संशय होता तो — मी दिलेला. मला मास्तरकी लागली. मुलांना मी खरं बोलायला शिकवलं. भीती कशाची होती? दादानं मला कधी मारलं नव्हतं. त्याच्या नजरेतून उतरायचं नव्हतं, एवढंच.

आता रंधा त्याचा मुलगा मिलिंद चालवतो. हात बापाचाच. परवा शाळेच्या नव्या बाकांचं विचारायला गेला, तर कुणीतरी तीच भज्यांची थट्टा केली. घरी येऊन त्यानं मला विचारलं, "काका, बाबांनी वलं लाकूड कसं काय वापरलं?"

मी उठलो. सोसायटीत गेलो. खताच्या पोत्यांखाली पडलेलं ते टेबल मागून आणलं. सोड्याच्या गरम पाण्यानं धुतलं, उन्हात ठेवलं, घासलं, जवसाचा पातळ हात दिला, पुसून घेतलं. वाळल्यावर पुन्हा दिला. आज तळवा फिरवला — कोरडा निघाला. खालून बाभळीचा तांबूस रंग वर आला आहे. दादानं तो कधी पाहिला नाही.

उद्या सोसायटीची बैठक आहे. टेबल मिलिंदच्या बरोबरीनं उचलून तिथं नेणार आहे. त्याच्यासमोर आणि सगळ्यांसमोर सांगणार आहे — लाकूड वाळलेलं होतं. सांधे पक्के होते. तेल मी बदललं.