सात नंबरचा कॉम्प्युटर

केदारखेड्याहून भोकरदन, तिथून दुसऱ्या बसने जालना. त्या सकाळी दोन्ही बसमध्ये जागा होती, तरी मी उभीच राहिले. बसवतच नव्हतं. जावा या कॉम्प्युटरच्या भाषेचं प्रॅक्टिकल होतं, तेही दुसऱ्यांदा. संभाजीनगरच्या एका कंपनीने मला नोकरीवर घ्यायचं कबूल केलं होतं, फक्त एकही विषय राहिलेला चालणार नव्हता. वडील निघताना म्हणाले, "या टायमाला इषय निघाला तर जाय नोकरीला बिलकुल. न्हाई तर मंग शिकणं बस झालं."

आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती. पॅकेजचा, म्हणजे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेलं काही वापरणारा प्रोग्राम फक्त सात नंबरच्या कॉम्प्युटरवर चालतो, बाकीच्यांवर एरर. का, ते कुणी विचारलं नाही. वरच्या वर्गाच्या जर्नलची, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीची, झेरॉक्स आम्ही उतरवायचो, त्यांनीही तेच केलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आम्ही एक सोडून सगळी अंगणं वाकडी ठरवली होती. पहिल्या वेळी परीक्षेत कॉम्प्युटरच्या चिठ्ठीत मला नऊ नंबर आला, मी नापास झाले आणि खापर नशिबावर फोडलं.

या वेळी चिठ्ठी उघडली तर चार.

पाठ असलेला प्रोग्राम टाइप केला. पॅकेज अस्तित्वात नाही, असा एरर आला. पाणी प्याले, सगळं खोडून पुन्हा तेच टाइप केलं, पुन्हा तोच एरर. बाहेरून आलेले परीक्षक मागे येऊन थांबले.

"सर, हा सात नंबरवर चालतो," मी म्हणाले.

"सातवर असं काय आहे?"

मला सांगता येईना. राग आला, आणि तो स्वतःचाच. तो एरर मी पहिल्यांदा नीट वाचला. तो इम्पोर्टच्या ओळीवर होता. इम्पोर्ट म्हणजे दुसरीकडे लिहून ठेवलेला क्लास, प्रोग्रामचा एक तयार भाग, आपल्या प्रोग्राममध्ये वापरायला घेणं. मी मागत होते तो क्लास या कॉम्प्युटरवर नव्हताच. सातवर तो कुणीतरी कधीकाळी लिहून ठेवला असणार, आणि झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये त्याचं पान गळालं असणार. आमच्यापैकी कुणी तो कधी पाहिलाच नव्हता.

पंचवीस मिनिटं उरली होती. क्लास पाहिला नसला तरी त्याच्याकडून काय काम करून घ्यायचं ते पाठ होतं: नाव आणि गुण द्यायचे, निकाल छापायला सांगायचा. त्यावरून मागे मागे गेले. पॅकेजच्या नावाचं फोल्डर केलं, त्यात क्लास लिहिला. पुन्हा एरर! पब्लिक लिहायचं राहिलं होतं, म्हणून बाहेरच्या प्रोग्रामला तो वापरता येत नव्हता. तो शब्द घातला. स्क्रीनवर नाव, गुण आणि निकाल उमटला, आणि मला रडू आलं.

परीक्षकांनी प्रश्न विचारले. त्यांचा प्रश्न संपायच्या आत मी उत्तर देऊन राह्यले होते.

"येतं की तुला," यादीत माझ्या नावापुढे 'दुसऱ्यांदा' लिहिलेलं बघून ते म्हणाले. "मागच्या वेळी हा क्लास का लिहिला नाहीस?"

आमचे लॅबचे सर शेजारच्याच टेबलाशी जर्नलांवर सह्या करत बसले होते. त्यांच्याकडे न बघता मी म्हणाले, "आम्हाला उतरवायलाच सांगितलं व्हतं, सर."

परीक्षकांनी मला पास केलं. आमच्या सरांनी पुढच्या मुलीचं जर्नल ओढलं आणि न उघडताच त्यावर सही केली.