सगळ्यांना नऊ नंबरचे बूट

वंदना आमच्या मस्तगडच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. मंठ्याची पोरगी, सळयांच्या एका कारखान्यात नोकरीला. पर्यावरण, कामगारांची सुरक्षा, चोख कारभार यांविषयी कंपनी अहवालात जे लिहिते ते खरंच घडतं का, हे तिने कंपनीत राहूनच तपासायचं. त्या रविवारी सकाळपासून तिच्या येरझाऱ्या माझ्या डोक्यावर चालू होत्या. पहिल्या प्रवेशाआधी विंगेत मीही असाच फिरायचो. न राहवून हाक मारली.

ती आली, पण बसेना. भट्टीवरच्या सर्वांना सुरक्षा बूट दिले, असं अहवालात होतं. सह्या होत्या, फोटो होता. शुक्रवारी ती न सांगता भट्टीवर गेली, तर निम्मे लोक चपलांवर. त्यांत तिचा थोरला भाऊ कल्याण.

"बूट न घालणाऱ्याला ठेकेदार घरी बसवतो, मामा. लिहिलं तर दादाचं काम जातंय. न्हाई लिहिलं अन् कुणाचा पाय भाजला, मंग?"

"कल्याण काय म्हणतो?"

"म्हणून राह्यला, लग्नात घालायला ठेवलेत. तुझी साहेबकी मला दाखवू नको."

मी फोटो मागितला. रंगभूमीवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाची नजर आधी पायांवर जाते. आमच्या नाटक मंडळीत राजाचा जोडा एकच, धिप्पाड वसंताच्या मापाचा. मी राजा झालो की पुढे चिंध्या कोंबायचो आणि पाय न उचलता घासत चालायचो. नाहीतर राजा पुढे, जोडा मागे. फोटोतले बरेच जण तसेच अवघडून उभे होते.

"पोरी, हे बूट यांच्या मापाचे नाहीत."

तिने तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. "दादा, तुझा बूट कितीचा?"

"नऊचा. समद्यांनाच नऊचा. माझा पाय सातचा."

"मंग बोलला का न्हाईस?"

"फुकटात मिळालेल्याचं माप काढू का? लोक हसतील."

सोमवारी तिने लिहिलं: मापं न घेता बूट वाटले, दोष खरेदीचा, कामगारांवर कारवाई नको. खरेदीवर तिच्याच साहेबांची सही होती. तरीही तिने तो कागद संचालकांच्या समितीकडे पाठवला.

साहेब अजून तिच्याशी बोलत नाहीत. कल्याणचं काम मात्र टिकलं. समितीने सगळ्यांची मापं घ्यायला लावली, त्या दिवशी त्याचा तिला फोन आला.

"चारचौघांत पाय मोजायला लावलास. सातचा बी न्हाई, सहाचा निघाला."